सुरमई कोणाची?

पहिल्या सभेला मी आधार कार्डाची झेरॉक्स आणि पासपोर्ट साइजचे दोन फोटो घेऊन गेले होते. बोईसरच्या ज्या दुकानातून मी राळ्याचे दाणे आणायचे, त्या दुकानदाराने सांगितलं होतं, ‘‘नवापूरला तांडेलांचा क्लब आहे, पक्षी पाळणाऱ्यांचा. रविवारी जा. भरतीला सभा असते.’’ मी जालन्याची. आमच्याकडे भरती म्हणजे तलाठी भरती, नाहीतर पोलीस भरती. क्लबात नवीन माणसं भरून घेत असतील, असं मी धरून चालले.

सकाळी शेअर रिक्षाने नवापूरला उतरले तेव्हा समुद्र इतका मागे गेला होता की गावाला समुद्र आहे यावर विश्वास बसेना. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. एका दुमजली घराच्या ओट्यावर पांढऱ्या मिश्यांचा एक उंच म्हातारा बाजेवर पडला होता. मी नमस्कार करून झेरॉक्स पुढे केली. त्यांनी ती उलटी धरली, बराच वेळ बघितली आणि परत दिली.

‘‘ओहोटी हाय,’’ ते म्हणाले. ‘‘आता सभा नाय.’’

‘‘मग कधी?’’

‘‘पानी वर येल तवा.’’

पाणी दुपारनंतर वर आलं. तोवर मी त्यांच्या ओट्यावर बसून राहिले, मांडीवर भोकं पाडलेला बुटांचा खोका घेऊन. खोक्यात एक पक्षी होता आणि तो मला क्लबाला देऊन टाकायचा होता. इतकं साधं काम होतं.

तांडेल म्हणजे होडीचा मुख्य माणूस, तो सांगेल तिकडे होडी जाणार. हे आयुष्यभर तांडेल होते. मुलं कारखान्यात लागली, होडी गेली, आणि तांडेलांनी गच्चीवर जाळीची एक खोलीच्या खोली उभी करून त्यात पक्षी भरले. का, ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. खुद्द तांडेल सांगायचे की एकदा खोल समुद्रात, जमीन कुठेच दिसत नसताना, एक पिवळा पक्षी दमून त्यांच्या होडीवर येऊन बसला होता. पुढच्या खेपेला तोच पक्षी पांढरा असायचा. एकदा तो त्यांच्या हातात मेला, एकदा त्यांच्याबरोबर किनाऱ्यापर्यंत आला. मी एकदा म्हटलं, ‘‘काका, मागच्या वेळी तो मेला होता.’’ तर म्हणाले, ‘‘तो दुसरा.’’

क्लब त्यांनी होडीसारखाच चालवला. सभा भरतीला, कारण भरतीला पक्षी शांत असतात. हे खरं आहे का, मला आजही माहीत नाही. एक रविवार सकाळी, एक रविवार संध्याकाळी, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ऐन जेवणाच्या वेळी. कारखान्यात वेल्डर असलेला रामसेवक क्लबातला सगळ्यात निष्ठावंत माणूस. तो दर शनिवारी मला फोन करायचा, ‘‘मॅडम, कल पानी कितने बजे है? कंपनी की शिफ्ट समझ में आती है, समुंदर की नहीं आती.’’ जालन्याची मुलगी उत्तर प्रदेशच्या माणसाला भरतीची वेळ सांगायची आणि दोघंही चुकायचो.

क्लबाचा नियम एकच होता. ज्याच्या पिंजऱ्याचं दार उघडं राहून पक्षी उडाला, तो क्लबातून बाहेर. रामसेवकचे दोनदा उडाले होते. दोन्ही वेळा तांडेलांनी त्याला भर सभेत काढून टाकलं होतं आणि पुढच्या भरतीला तो आला तेव्हा ‘‘नवीन माणूस आला हाय,’’ म्हणून त्याची सगळ्यांशी ओळख करून दिली होती. मी गेले तेव्हा तो तिसऱ्यांदा नवीन होता.

आणि पक्ष्यांना नावं माशांची. पांढरा तो पापलेट, करड्या तुऱ्याचा तो मुशी, लाल चोचीचे चिमुकले ते सगळे कोळंबी. पहिल्याच सभेत माझ्याशेजारचा माणूस काळजीने म्हणाला, ‘‘पापलेटने या वेळी अंडी फोडून टाकली,’’ आणि दुसरा म्हणाला, ‘‘तिला मुशीजवळ ठेवू नका, ती घाबरते.’’ मी शाकाहारी घरातली. खोका घट्ट धरून बसले होते.

शेवटी तांडेल माझ्याकडे वळले. ‘‘बाय, तुमचं काय?’’

मी सांगितलं. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे, बोईसरला खोली घेऊन एकटी राहते. एके दिवशी हा पक्षी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आला आणि गेलाच नाही. कोणाचा तरी पाळलेला दिसतो. मला पक्ष्यातलं काही कळत नाही. क्लबाने ठेवून घ्यावा.

त्यांनी खोक्यात हात घातला आणि पक्षी अलगद बाहेर काढला. निळा होता तो, डोकं पांढरं, पाठीवर काळ्या रेघा. तांडेलांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी तो कानाला लावला. आपण फोन धरतो तसा. गच्चीवर बसलेले सगळे पुढे सरकले.

‘‘मादी हाय,’’ ते म्हणाले.

मग पक्षी परत खोक्यात ठेवला. ‘‘हा पाव्हना हाय. पाव्हन्याला आमी ठेवत नाय. ज्याच्या घरी आला त्याच्या घरी ऱ्हाणार. मालक शोधायचा. सापडला का द्यायचा.’’

‘‘पण मी कुठे शोधू?’’

‘‘जिथं पक्षी हायत तिथं.’’

अशी मी क्लबाची सभासद झाले. झेरॉक्स कोणी घेतली नाही.

तो नर होता. चोचीच्या वर, नाकाशी जी गोल त्वचा असते ती नराची निळी असते आणि मादीची तपकिरी. हे मला दुकानदाराने एका मिनिटात दाखवलं. तांडेल दहांतले आठ पक्षी मादीच ठरवायचे. पण क्लबातले अर्धे लोक त्यांच्यासारखे पक्षी कानाला लावूनच बघायचे, आणि मीही लावून बघितला. नुसतं धडधड ऐकू येतं. आपलं काळीज की त्याचं, तेही कळत नाही. तांडेलांच्या शब्दाखातर मी पाहुण्याला जोडीदार म्हणून एक हिरवा नर आणला. दोघं एकमेकांना दाणे भरवायचे, डोकी खाजवायचे, आणि अंडी काही येईनात. तांडेल म्हणाले, पिण्याचं पाणी बदल. मी बदललं. मग म्हणाले, पिंजऱ्याचं तोंड दक्षिणेकडे कर, वारा तिकडून येतो. मी तेही केलं. दिवसभर औषधांची नमुना-चाचणी करणारी मी संध्याकाळी दोन नरांचा पिंजरा दक्षिणेकडे फिरवत होते. का करत होते, विचारू नका.

आणि मालक शोधत होते. वाणगावला एका शेतकऱ्याचा पक्षी हरवलाय असं कळलं म्हणून एक रविवार तिकडे गेले. त्याचा हिरवा होता. त्याच्या बायकोने मला जेवू घातलं आणि पिशवीभर मिरच्या दिल्या. मुरब्याला एका मास्तरांचा निळाच हरवला होता, पण त्याच्या पायात कडी होती. मास्तर म्हणाले, ‘‘हा माझा नाही, पण राहू द्या ना माझ्याकडे.’’ मी ‘‘नाही’’ कशी म्हणाले आणि का म्हणाले, मला कळलं नाही. मी तर द्यायलाच निघाले होते. परत आल्यावर तांडेल विचारायचे, ‘‘गावला मालक?’’ मी नाही म्हटलं की गंभीरपणे मान हलवायचे, ‘‘शोधायचा. सोडायचा नाय.’’

वर्ष उलटलं असेल. एका दुपारी दारावर टकटक झाली. तांडेलांच्या बायको होत्या. त्यांना सगळे काकी म्हणायचे. बोईसरला बाजाराला आल्या होत्या, माझ्यासाठी ताडगोळे आणले होते. उन्हाने घामाघूम झाल्या होत्या. मी पाणी आणायला आत वळले आणि मागून ऐकलं, ‘‘अगो बाय, सुरमई!’’

मला वाटलं, मासे विकत घेतलेत त्यातलं काही सांगतायत. बाहेर आले तर काकी पिंजऱ्याला नाक लावून उभ्या होत्या आणि पाहुणा त्यांच्या नथीला चोच लावत होता.

‘‘ही आमची सुरमई,’’ काकी म्हणाल्या. ‘‘त्यांची लाडकी. खांद्यावर बसून जेवायची त्यांच्या. गेल्या साली उडाली.’’

‘‘कशी?’’

काकींनी पदराने तोंड पुसलं. ‘‘दार उगडा ऱ्हायला. त्यांच्याच हातून. त्यांना दिसत नाय, बाय. डोल्यांवर पडदा आलाय. कोनाला सांगायचं नाय अशी शपत घातली हाय मना.’’

मी खाली बसले. उलटी धरलेली झेरॉक्स, कानाला लावलेला पक्षी, दहांतले आठ मादी ठरवणं, या सगळ्याचा अर्थ एकदम लागला असं मला वाटलं. पण लगेच गोंधळ झाला. दिसत नव्हतं, तर त्यांनी पक्षी ओळखला नसेल. पण खांद्यावर बसून जेवणारा पक्षी हातात घेतल्यावर कळणार नाही का? आणि कळला असेल, तर वर्षभर मला गावोगाव मालक शोधायला का पाठवलं? लगेच ‘मादी’ म्हणाले ते ओळखलं म्हणून, की ते सगळ्यांनाच मादी म्हणतात म्हणून?

‘‘काकी, तुम्हाला काय वाटतं?’’

‘‘मना काय वाटायचंय? लगीन झाल्यापासून त्यांचा मना काय कललाच नाय.’’

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून मी पिंजरा घेऊन नवापूरला गेले. भरती होती की ओहोटी, बघितलंसुद्धा नाही. तांडेल ओट्यावर जाळं विणत होते. बोटं भराभर चालत होती, नजर रस्त्याकडे होती. मी पिंजरा त्यांच्यापुढे ठेवला.

‘‘काका, मालक सापडला.’’

‘‘कोन?’’

‘‘तुम्ही. ही तुमची सुरमई आहे.’’

त्यांची बोटं थांबली. आतून काकी दारात येऊन उभ्या राहिल्या.

‘‘आमची सुरमई कवाच गेली,’’ ते म्हणाले. ‘‘ही ती नाय.’’

‘‘तीच हाय,’’ काकी म्हणाल्या.

‘‘तू गप.’’

‘‘का गप? माझ्या नथीला चोच लावते ती.’’

‘‘सगलेच लावतात!’’ ते उठून उभे राहिले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधीच बघितलं नव्हतं. ‘‘मी तांडेल हाय. माझ्या हातून दार उगडा ऱ्हात नाय. घेऊन जा हा पक्षी. मालक शोध.’’

आणि ते वाळूकडे चालायला लागले. मी बघत राहिले. वाटेत होड्यांचे दोर ताणलेले होते, नांगर पडलेले होते, आणि ते प्रत्येक दोर पाय उचलून नेमका ओलांडत होते. म्हणजे दिसत होतं? मी काकींकडे वळले. त्या पदर डोळ्यांना लावून आत गेल्या होत्या. पिंजरा घेऊन मी परत बोईसरला आले.

मी क्लबात जाणं बंद केलं नाही, हेही एक नवलच. रविवारी पाणी वर आलं की गच्चीवर हजर. तांडेल माझ्याशी आधीसारखेच बोलायचे, ‘‘बाय, पानी बदललं का?’’ आणि मी ‘‘हो’’ म्हणायचे. जणू ओट्यावर काही घडलंच नव्हतं.

मग तो रविवार आला. जाळीच्या खोलीत मडकी टांगलेली असायची, पक्षी त्यात अंडी घालायचे. पापलेटची पिल्लं नुकती पिसं धरत होती. तांडेल आम्हा सगळ्यांना आत घेऊन ती दाखवत होते. बोट मडक्याकडे होतं, आवाज नेहमीसारखा होडीवरचा. एक पिल्लू मडक्यातून खाली पडलेलं होतं. ते आम्ही सगळ्यांनी एकदमच बघितलं आणि एकदमच ओरडणार होतो, तोवर तांडेलांनी पाऊल पुढे टाकलं.

अगदी हलकासा आवाज झाला.

‘‘पायाखाली काय आला?’’ तांडेलांनी विचारलं.

रामसेवक म्हणाला, ‘‘कुछ नहीं, तांडेल. पत्ता है. सूखा पत्ता.’’

‘‘हो, पान आहे,’’ दुसरा म्हणाला. मीही म्हणाले, ‘‘पान आहे, काका.’’ त्या गच्चीच्या आसपास एकही झाड नव्हतं.

तांडेल हळूच वाकले. पायाखाली हात घातला. ते उचलून तळहातावर घेतलं, अंगठ्याने चाचपलं. एका हाताने जाळी धरून ते तसेच उभे राहिले. वर मडक्यात बाकीची पिल्लं खाण्यासाठी ओरडत होती.

‘‘होडीवर खोटं बोललात तर समदे बुडतात,’’ ते म्हणाले. आवाज अगदी लहान होता. ‘‘जा आता. सगले जा.’’

आम्ही खाली उतरलो. ओट्यावर काकींनी माझा हात धरला. ‘‘तू चल आमच्याबरूबर पालघरला. डाक्तराशी बोलायला.’’

‘‘ते येतील?’’

‘‘आता येतील.’’

आले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, फार उशीर केलात पण होऊन जाईल. तांडेलांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘रंग दिसतील?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘दिसतील की.’’ ते म्हणाले, ‘‘बरं,’’ पण खूश झाल्यासारखे वाटले नाहीत. रंग त्यांना हवे होते की नको होते, हाही प्रश्न मी मनात ठेवून दिला. तिथे आधीच बरेच साठले होते.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी पलंगाशेजारी होते. त्यांनी आधी काकींना बघितलं, मग खिडकी, मग मला. माझ्यावर नजर थांबली.

‘‘ही कोन?’’

‘‘मी, काका. बोईसरची.’’

ते बघतच राहिले. ‘‘तू तर पोर हायेस,’’ ते म्हणाले. ‘‘आवाजावरून मना वाटला पन्नाशीची बाय असशील. नवऱ्याने टाकलेली.’’

काकींनी कपाळावर हात मारला. मी हसले, आणि मग मला रडूच यायला लागलं. कशाचं, ते सांगता येत नाही. वर्षभर ज्या माणसाचं मी सगळं ऐकत आले, त्याने मला पहिल्यांदाच बघितलं होतं.

नंतरचे काही रविवार विचित्र गेले. दिसायला लागल्यावर तांडेलांना कळलं की त्यांच्या निम्म्या जोड्या नर-नर नाहीतर मादी-मादी आहेत. कोळंबी म्हणत होते त्यातल्या दोन चिमण्याच निघाल्या, दाण्यांसाठी घुसलेल्या. त्यांनी सगळ्या जोड्या पुन्हा लावल्या. पण आता कोणी काही विचारलं तर ते चष्मा सारखा करून म्हणायचे, ‘‘बगून सांगतो.’’ बघायचे आणि म्हणायचे, ‘‘नक्की सांगता नाय येत.’’ आम्ही एकमेकांकडे बघायचो. रामसेवक मला जिन्यात म्हणाला, ‘‘मॅडम, पहले वाले तांडेल गलत बोलते थे, पर बोलते तो थे.’’ त्याचं बरोबर होतं की चूक, मी ठरवू शकले नाही.

मग एक दिवस ते दोघं माझ्या खोलीवर आले. न सांगता. तांडेलांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. आल्या आल्या म्हणाले, ‘‘पक्षी दाव.’’

मी पिंजरा खिडकीपाशी उजेडात ठेवला. ते खुर्ची ओढून समोर बसले. मी चहा टाकला, चहा झाला, कप त्यांच्या हातात दिला, तरी ते बघत होते. पाहुणा आधी मागे सरकला, मग पुढे आला, मग मान तिरकी करून त्यांच्याकडे बघायला लागला. दोघांत काय चाललं होतं मला कळेना. काकी माझ्यामागे उभ्या होत्या.

‘‘नर हाय,’’ तांडेल म्हणाले.

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘पण तुमचाच आहे ना, काका?’’

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. ‘‘तुला नको झालाय काय?’’

‘‘नाही, तसं नाही.’’

‘‘त्रास देतो?’’

‘‘नाही हो.’’

‘‘गेला तर तुला वाईट वाटंल?’’

सकाळी कुकरची शिट्टी झाली की तो ओरडतो. मी कामावरून आले की जाळीवर चढतो. त्या खोलीत माझी वाट बघणारं दुसरं काही नव्हतं. ‘‘वाटेल,’’ मी म्हणाले.

‘‘मग माझा नाय,’’ तांडेल म्हणाले आणि उठले.

‘‘मग म्हणजे काय? काका, आहे की नाही ते सांगा ना!’’

‘‘सांगितला ना. डोले हायत आता मना. बगितला. नाय माझा.’’ त्यांनी कप खाली ठेवला, पिंजऱ्याकडे पाठ केली आणि कठड्याला हात न लावता जिना उतरायला लागले.

काकी दारात थांबल्या. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. ‘‘डोले आले गो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पन खरं बोलाची सवय काय नाय आली.’’

‘‘आयकतंय मी!’’ खालून आवाज आला. तोच, होडीवरचा, पहिल्यासारखा.

मी जिन्याच्या तोंडाशी धावले. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय एवढं तरी आज विचारायचंच, असं ठरवून. पण रस्त्यावर तांडेल एका रिक्षावाल्याला नवापूरचा जवळचा रस्ता समजावून देत होते. हात उगारून, ठामपणे, आणि अगदी उलट्या दिशेला. काकी त्यांच्या दंडाला धरून ‘‘नाय, तिकडं नाय’’ म्हणत होत्या. रिक्षावाला आलटून पालटून दोघांकडे बघत होता. त्याचा चेहरा इतका ओळखीचा वाटला की मी काही न विचारता वरूनच हात हलवला.